मान कोणाचा राखावा?

मुलांना वडीलधाऱ्यांचा, गुरुजींचा, सरकारी अंमलदाराचा मान राखायला शिकवावे, हे आपण सारेच मानतो. पण बापाबरोबर दाखल्यासाठी कचेरीत गेलेले पोर डोळ्यांदेखत पाहते की, चिरीमिरी दिल्यावाचून कागद हलत नाही. घरी येऊन ते विचारते, "ह्या साहेबालाही नमस्कार करायचा का?" काय सांगावे त्याला?

दोन उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्ही घातक. 'मोठ्यांविषयी बोलू नये' म्हणून गप्प बसवले, तर पोर अन्यायालाच मान द्यायला शिकते. 'सगळे चोरच!' म्हटले, तर ते उद्या कायद्यालाही जुमानणार नाही आणि आपल्यालाही.

खरे उत्तर आपल्या वारीतच आहे. माउलींच्या सोहळ्यात तळावर समाजआरतीच्या वेळी काय घडते ते आठवा. चोपदार दंड उंच करतात आणि एवढा टाळमृदंगाचा गजर क्षणात शांत होतो. धाक कोणाचाच नसतो. मात्र ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याची वाट लागते, मग आरती होते. पाहा, ती दिंडी सोहळा सोडून जात नाही, शिवीगाळ करीत नाही, पण मुकाट्यानेही सोसत नाही. आणि अधिकारी स्वतः चालत गाऱ्हाण्याकडे जातो! मान आणि तक्रार एका जागी नांदतात, हे मुलाला तेथे उभे करून दाखवावे.

दुसरी गोष्ट नमस्काराची. आपण वय, जात, हुद्दा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. तो नमस्कार समोरच्यातल्या पांडुरंगाला असतो, त्याच्या करणीला नव्हे. म्हणून लाचखाऊ अंमलदाराशीही नीट बोलावे. लाच मात्र देऊ नये.

साने गुरुजींनी हेच केले. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे, म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरीत दहा दिवस उपोषण केले. अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांच्यावर त्यांनी हात उगारला नाही. क्लेश स्वतः सोसले. मंदिराचे दार उघडले.

आता घरी करायचे काय? मुलाशी खोटे बोलू नये. चूक ती चूकच म्हणावी, पण त्या माणसाला शिव्या देऊ नयेत. सनदशीर वाट दाखवावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मागता येते. महाराष्ट्रात २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेले दाखले मुदतीत मिळायला हवेत. न मिळाल्यास अपील आहे. लाच मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. लाच देणे हाही २०१८ च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली, तर ७ दिवसांत कळवावे लागते. असा अर्ज लिहिताना मुलाला शेजारी बसवावे.

आणि मुख्य म्हणजे आपली वागणूक. दर्शनबारीत वशिल्याने मध्ये घुसणाऱ्या बापाने साहेबाला नावे ठेवली, तर पोर ऐकेल कसे? घरातला पहिला अधिकारी आपणच. मुलाने आपले चुकले असे सांगितले, तर चोपदारासारखे आधी ऐकून घ्यावे. एवढे साधले, तर मान शिकवावा लागणार नाही.

राम कृष्ण हरी.