नदीची पातळी व गावाची तयारी
(इयत्ता ५ वी ते ७ वी : भूगोल व गणित)

पाठाचा हेतू

पावसाळ्यात पंचगंगेच्या काठी सकाळी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : "राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?" कोल्हापूरजवळील ह्या बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. हे आकडे मुलांना तोंडपाठ असतात. परंतु आकडा पाठ असणे निराळे व तो आपल्या गल्लीत काय घडविणार हे कळणे निराळे. २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी येथील पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. वाट कोरडी असतानाच गाव निघू शकले, तर नावेवर विसंबण्याची वेळ येत नाही. ती वाट किती काळ कोरडी राहील, हे ओळखावयास शिकविणे हाच ह्या पाठाचा हेतू होय.

पातळी कशी मोजतात?

जुनी रीत सोपी आहे. बंधाऱ्यावर अथवा पुलाच्या खांबावर रंगविलेली मोजपट्टी माणूस वाचतो व आकडा कळवितो. आता अनेक ठिकाणी पुलावर रडार यंत्र बसविलेले असते. ते खाली लहरी सोडते. त्या पाण्यावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्रापासून पाण्यापर्यंतचे अंतर निघते. यंत्राच्या उंचीतून ते वजा केले की पातळी मिळते. हा आकडा उपग्रहाद्वारे किंवा मोबाइलच्या जाळ्यातून कार्यालयात पोहोचतो. कृष्णा व भीमा खोऱ्यांत राज्याच्या जलसंपदा विभागाने अशी यंत्रणा उभारली आहे. केंद्रीय जल आयोगाच्या 'फ्लडवॉच' ह्या अ‍ॅपवरही २०२३ पासून नद्यांची पातळी पाहता येते.

वर्गात ही रीत बादलीने दाखवावी. बादलीच्या काठावर आडवी काठी ठेवून तिच्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मुलांनी मोजावे व बादलीच्या खोलीतून वजा करावे. पाणी वाढेल तसे अंतर घटते, हे त्यांना स्वतःच उमगेल.

एक सावधगिरी शिक्षकांनी बाळगावी. राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत सांगतात; केंद्रीय जल आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. हे दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

आकड्याहून गती महत्त्वाची

फळ्यावर हे उदाहरण घालावे. सकाळी ६ वाजता पातळी ३८ फूट व दुपारी १२ वाजता ३९ फूट आहे. ६ तासांत १२ इंच, म्हणजे ताशी २ इंच वाढ झाली. धोका पातळीस ४ फूट, म्हणजे ४८ इंच उरले. हीच गती राहिल्यास २४ तास हाती आहेत. मात्र 'राहिल्यास' हा शब्द मुलांकडून अधोरेखित करून घ्यावा. वर घाटमाथ्यावर पाऊस वाढला अथवा धरणातून विसर्ग सुरू झाला तर गती वाढते. पाणी शेतांत पसरू लागले तर मंदावते. म्हणून दर नव्या आकड्याबरोबर हिशेब पुन्हा मांडावा, आणि निघण्याची वेळ रात्रीत पडणार असेल तर ती दिवसा आणावी.

गावाचा तक्ता

पाठाचा खरा भाग पुढेच आहे. बंधाऱ्यावरील आकडा त्या ठिकाणचा असतो. आपल्या गावापुरता त्याचा अर्थ गावानेच लावावा लागतो. लोकांना ही दृष्टी नवी नाही. नृसिंहवाडीस दत्तमंदिराच्या दक्षिणद्वारातून पाणी वाहू लागले की कृष्णा किती चढली, हे भाविक ओळखतात. तसेच आपल्या गावचे मापदंड शोधावेत.

मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारावे : २०१९ व २०२१ मध्ये पाणी कोठवर आले? ओढ्यावरील मोरी प्रथम केव्हा बुडाली? गुरे कोठे हलविली? उत्तरे ताडून तीन रकाने भरावेत : बंधाऱ्यावरील पातळी, त्या वेळी गावात काय होते, कोणी काय करावे. बहुधा असे आढळेल की गावात पाणी शिरण्याच्या पुष्कळ आधी बाहेर जाणारी वाट बंद होते. त्या वाटेचा आकडा हीच त्या गावाची खरी धोका पातळी. तो तांबड्या शाईने लिहावा.

वृद्ध, आजारी, बाळंतीण आणि ज्यांच्याकडे मोबाइल नाही अशी घरे तक्त्याखाली नोंदवावीत व प्रत्येक घरी निरोप देण्याचे काम एका प्रौढ व्यक्तीकडे सोपवावे. पाणी पाहण्यासाठी मुलांस नदीवर कदापि पाठवू नये. आकडा जाहीर पत्रकावरूनच घ्यावा.

तक्त्याची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी व दुसरी शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावावी. दरवर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी तो तपासावा. कारण नवा रस्ता, भराव किंवा पूल झाला की पाण्याची वाट बदलते व जुना आकडा चुकू लागतो.