कंपवात आणि औषधांची कसोटी

घरातील वडीलधाऱ्या माणसाची सही हळूहळू लहान होऊ लागते. अक्षरे एकमेकांत शिरतात, ओळ पुढे सरकता सरकता बारीक होत जाते आणि एखाद्या दिवशी धनादेश 'सही जुळत नाही' या शेऱ्यासह परत येतो. कंपवाताची, म्हणजेच पार्किन्सन्स या आजाराची चाहूल कित्येकदा हाताच्या थरथरीच्या आधी अशी अक्षरातून लागते. अशा ग्राहकाची अडचण होऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये सोय आहे : दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटविल्यास, आणि त्यांतील एक बँकेचा जबाबदार अधिकारी असल्यास, अंगठ्याचा ठसा ग्राह्य धरता येतो. प्रस्तुत लेख मात्र दुसऱ्या एका सहीविषयी आहे. नव्या औषधाच्या चाचणीत सामील होताना रुग्णाने संमतिपत्रावर करावयाची ती सही. तिच्या मागचे शास्त्र आणि कायदा यांची ओळख कुटुंबाला आधीच असेल, तर निर्णय सोपा होत नसला तरी डोळसपणे घेता येतो.

चंदीगडच्या सेक्टर १२ मधील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था साऱ्या उत्तर भारतात केवळ 'पीजीआय' या नावाने ओळखली जाते. १९६२ साली स्थापन झालेल्या या संस्थेला १९६७ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर येथून रुग्ण तिच्या बाह्यरुग्ण विभागात येतात. सैन्यदल, बँका आणि केंद्र सरकारची कार्यालये यांतील नोकरीमुळे तिकडे स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्यांत असतात. संस्थेच्या नावातच 'संशोधन' हा शब्द आहे, आणि औषधांच्या चाचण्या कशा आखाव्यात व कशा पार पाडाव्यात याचे उच्च शिक्षण देणारा चिकित्सालयीन औषधशास्त्राचा डी. एम. अभ्यासक्रमही तेथे चालतो. अशा ठिकाणी उपचारासाठी आलेल्या रुग्णाला "आपण एका अभ्यासात भाग घ्याल का?" अशी विचारणा होऊ शकते. त्या वेळी बहुतेक कुटुंबांच्या मनात एकच शंका उमटते : आमच्या माणसावर प्रयोग करणार की काय?

या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर जवळजवळ दीड शतक उपचारांत फारशी प्रगती नव्हती. ती झाली त्यात आपल्या सर्पगंधेचा वाटा आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले. पुढे १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. स्वीडनमधील संशोधक आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन दिलेले ससे निश्चल पडतात आणि डोपा हे द्रव्य टोचताच पुन्हा हालचाल करू लागतात, असे दाखविले. मेंदूतील डोपामिन या रसायनाचा हालचालींशी संबंध आहे, हे त्यातून उमगले. १९६० मध्ये व्हिएन्नातील संशोधकांना कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी कमतरता आढळली आणि १९६७ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा तोंडावाटे, थोड्या प्रमाणापासून सुरू करून वाढवत नेऊन, रुग्णांना उठवून चालविले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. लेव्होडोपा आजही या आजारावरील सर्वांत परिणामकारक औषध आहे. त्याच्या जोडीला गोळीत कार्बिडोपा असते, ते लेव्होडोपाला मेंदूत पोहोचण्याआधीच वाया जाण्यापासून वाचविते.

परंतु काही वर्षांनी गोळीचा परिणाम पुढच्या गोळीच्या वेळेआधीच ओसरू लागतो. दिवसाचे 'ऑन' आणि 'ऑफ' असे तुकडे पडतात, शिवाय अनैच्छिक हालचाली सुरू होतात. आणि मूळ आजार, मेंदूतील पेशींचा ऱ्हास, थांबतो असे सिद्ध झालेले औषध अद्याप नाही. संशोधन चालू आहे ते या दोन कारणांसाठी.

आता चाचणीत निम्म्या लोकांना औषध नसलेली गोळी का द्यावी, हा प्रश्न येतो. औषधासारखीच दिसणारी पण औषध नसलेली ही गोळी, म्हणजे प्लॅसिबो, ऐकायला क्रूर थट्टा वाटते. कंपवातात मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी २००१ साली मेंदूच्या पेट स्कॅनद्वारे दाखविले की, कंपवाताच्या रुग्णाला प्लॅसिबो दिल्यावर, केवळ सुधारणेच्या अपेक्षेने, त्याच्या मेंदूत खरोखरच डोपामिन स्रवते. म्हणजे बरे वाटणे हा रुग्णाचा भ्रम नसतो. त्याचे श्रेय तेवढे गोळीचे नसते.

भारत, इटली आणि रुमानिया या देशांत झालेली साफिनामाइड या औषधाची चाचणी याचे उत्तम उदाहरण आहे. लेव्होडोपा घेत असलेल्या ६६९ रुग्णांना त्याच्या जोडीला २४ आठवडे साफिनामाइड किंवा प्लॅसिबो देण्यात आले. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. रुग्णांनी आपला दिवस 'ऑन'मध्ये किती गेला याची नोंद ठेवायची होती. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांचा त्रासदायक अनैच्छिक हालचालींविना जाणारा 'ऑन' काळ दिवसाला सरासरी सुमारे ८२ मिनिटांनी वाढला. प्लॅसिबो घेणाऱ्यांचाही वाढला, सुमारे ५८ मिनिटांनी! औषधाचे खरे श्रेय या दोहोंमधील अंतराचे, सुमारे २४ मिनिटांचे. तुलनेचा गट नसता तर सारी ८२ मिनिटे औषधाच्या खात्यावर जमा झाली असती. हिशेब ताळ्यावर आणण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना ही वजाबाकी निराळी समजावून सांगायला नको. प्लॅसिबो गटातील कोणाचेही लेव्होडोपा बंद केलेले नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे. साफिनामाइडला पुढे २०१५ मध्ये युरोपात आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

ही वजाबाकी कित्येक आशा पुसूनही टाकते. को-एन्झाइम क्यू-टेन या द्रव्याविषयी २००२ साली ८० रुग्णांच्या लहान चाचणीतून मोठी आशा निर्माण झाली होती. ६०० रुग्णांची मोठी चाचणी मात्र उपयोग दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावी लागली आणि २०१४ मध्ये तसे जाहीर झाले. मधुमेहावरील एक्झेनटाइड हे इंजेक्शन २०१७ साली ६२ रुग्णांत आश्वासक वाटले. १९४ रुग्णांना ९६ आठवडे देऊन पाहिल्यावर २०२५ मध्ये त्याचा लाभ आढळला नाही. वर्तमानपत्रांतील 'कंपवातावर रामबाण' असे मथळे बहुधा पहिल्या, लहान चाचणीचे असतात. दुसऱ्या चाचणीची बातमी क्वचितच छापली जाते.

आपल्याकडे हमखास विचारला जाणारा प्रश्न खाजकुइलीचा. शास्त्रीय ग्रंथांतील कपिकच्छू ती हीच. कोकणात व सह्याद्रीच्या रानांत तिच्या शेंगांची खाज अनेकांनी अनुभवली असेल. तिच्या बियांत लेव्होडोपा असते, हे १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी सिद्ध केले. म्हणजे पाश्चात्त्यांनी ते औषध म्हणून वापरण्याच्या कितीतरी आधी! या बियांच्या चूर्णापासून बनविलेल्या एचपी-२०० या औषधाची १९९५ साली प्रसिद्ध झालेली चाचणी ६० भारतीय रुग्णांवर १२ आठवडे चालली आणि सुधारणा दिसली. त्यात तुलनेचा गट नव्हता, हे तिचे न्यून. २००४ मध्ये लंडन येथे केवळ आठ रुग्णांवर, पण दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून, चूर्णाची तुलना नेहमीच्या गोळीशी करण्यात आली. चूर्णाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा सुमारे ६९ मिनिटांत, आणि तो टिकलाही अधिक वेळ. खाजकुइली ही भाकडकथा नव्हे, असा याचा अर्थ. परंतु तिच्यातले कार्यकारी द्रव्य लेव्होडोपाच आहे, हे विसरून 'आयुर्वेदिकच तर आहे' म्हणत गोळ्यांच्या जोडीला चूर्ण घेणे म्हणजे डॉक्टरांना न सांगता मात्रा वाढविणे होय.

त्याच भीतीचे दुसरे रूप म्हणजे लेव्होडोपा शक्य तितके पुढे ढकलणे. 'आताच सुरू केले तर पुढे काम करणार नाही' असे अनेक घरांत मानले जाते. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांचे दोन गट करून एकाला लगेच आणि दुसऱ्याला ४० आठवड्यांनी लेव्होडोपा सुरू करण्यात आले. ८० आठवड्यांअखेर दोन्ही गटांच्या आजारात फरक नव्हता, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. लवकर सुरू केल्याने आजार मंदावला नाही, तसे नुकसानही झाले नाही. ज्याला आज शर्टाची बटणे लावता येत नाहीत, त्याने केवळ या भीतीपोटी वाट पाहू नये, असे मला वाटते. अर्थात निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

संमतिपत्राकडे वळू. भारतात मार्च २०१९ पासून नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम लागू आहेत. नीतिसमितीच्या मान्यतेवाचून चाचणी सुरू करता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सीटीआरआय या नोंदवहीत तिची आधी नोंद करणे जून २००९ पासून आवश्यक आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते. नोंदणी क्रमांक विचारावा आणि घरी येऊन मुलांकडून किंवा नातवंडांकडून तो पडताळून घ्यावा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देण्याची तरतूद नियमांत आहे. कोणत्याही टप्प्यावर कारण न देता बाहेर पडता येते, आणि त्यामुळे रुग्णालयातील नेहमीच्या उपचारांना बाध येत नाही.

माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, हाही नियमच आहे. चंदीगडमध्ये ते हिंदी, पंजाबी किंवा इंग्रजीत असणे स्वाभाविक आहे. साताऱ्याहून मुलाकडे राहायला आलेल्या आजोबांना कामापुरती हिंदी येते, म्हणून तांत्रिक हिंदीतील आठ पाने त्यांना समजली असे धरून चालू नये. मराठीतून समजावून मिळेपर्यंत थांबण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. रुग्णाला वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा लागतो. 'मुलाने सही केली, झाले' ही पद्धत, वडील स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना, येथे चालत नाही.

पैशाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नव्या औषधाच्या चाचणीत ते औषध रुग्णाने विकत घ्यायचे नसते. मूळ पेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, नावाखाली लाखो रुपये मागणारी केंद्रे ही वेगळी गोष्ट आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक विकारांसाठीचे प्रत्यारोपण वगळता अशा पेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच, आणि रुग्णाकडून पैसे न घेता करायचा असतो. २०२५ साली जपान आणि उत्तर अमेरिका येथून प्रसिद्ध झालेले पेशीरोपणाचे प्रयोग अनुक्रमे सात व बारा रुग्णांवरचे होते, आणि त्यांचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासणे हा होता. त्यांची कात्रणे दाखवून कोणी मुदत ठेव मोडायला सांगत असेल, तर आधी सीटीआरआयचा क्रमांक मागावा.

आणखी एक प्रश्न सही करण्यापूर्वीच विचारावा, कारण नंतर तो विचारायला उशीर झालेला असतो : चाचणी संपल्यावर हे औषध मला मिळत राहील का? २०१९ च्या नियमांत, रुग्णाला उपयोग झाला असून दुसरा पर्यायी उपचार नसल्यास, संशोधक डॉक्टरांच्या शिफारशीने व नीतिसमितीच्या मान्यतेने ते विनामूल्य देण्याची तरतूद आहे. त्यासाठी रुग्णाकडून लेखी संमती घेतली जाते. ती कोणत्या अटींवर आणि किती काळासाठी, हे उत्तर मिळेल तेव्हा लिहून घ्यावे.