जॅक घेताना आधी त्याचा तळ पाहजो

बाबू, जॅक घ्यायले गेला की दुकानदार पहिले टन सांगते. टन पाहजोच, पण आधी जॅक उलटा करून त्याचा तळ पाहजो. आपल्या वऱ्हाडात भार न झेपल्यानं जॅक पडला असं कमी होते, तो मातीत रुतून कलंडते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. बॉटल जॅकचा तळ 4 इंच बाय 4 इंच धर, म्हणजे 16 चौरस इंच झाले. त्याच्याखाली एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन इंच जाड बाभळीची फळी टाकली, की तोच भार 144 चौरस इंचावर, नऊपट जागेवर पसरते. फळी गाडीतच राहू देजो. विटेवर जॅक लावू नको, वीट भाराखाली एकदम फुटते.

कारसोबत कैची जॅक येते, तो स्टेपनी बदलण्यापुरता. पत्र्याखाली त्याच्यासाठी खाच दिली असते, तिथंच बसवजो अन् आट्यांले ग्रीस देत जाजो. ट्रॉली जॅक गॅरेजच्या फरशीवर राजा, वावरात बिनकामाचा. उचलताना त्याची चाकं सरकावी लागते, मातीत ती अडकली की जॅक भाराले तिरपा ओढते.

ट्रॅक्टर-ट्रॉलीले बॉटल जॅकच पायजे. 40 क्विंटल सोयाबीन भरलं की 4 टन झाले, ट्रॉलीचं वजन वेगळं. एका चाकाखाली सगळा भार येत नाही, तरी 10 टनाचाच घेजो. बंद जॅकची उंची मोजजो, अन् एक्सलखालचं माप चाकातली हवा काढून घेजो. फुगलेल्या टायरवर माप घेतलं तर पंक्चरच्या वेळी जॅक खाली शिरतच नाही. त्याच्यात हायड्रॉलिक तेलच टाकजो, ब्रेक ऑइलनं सीलचं रबर फुगून खराब होते. अकोल्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तवा डिकीत पडलेला जॅक अधूनमधून काढून दोन-चार वेळा वर-खाली करून पाहजो. सील गळत असलं तर भार हळूहळू खाली बसते. स्क्रू जॅकचं तसं नाही, तो आट्यांच्या घर्षणावर उभा राहते. हळू चालते, पण मले त्याचा भरवसा जास्त.

अमरावती-अकोला रस्ता, राष्ट्रीय महामार्ग 53, आता मोठा झाला. 2022 च्या जूनमध्ये तिथं 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर टाकून विक्रम झाला. पण पंक्चर झालं की गाडी बाजूले घ्या लागते, अन् डांबर संपलं की खाली आपलीच माती. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरही नरम पडते, म्हणून फळी तिथंही लागते.

नट आधी अर्धा आटा ढिले करजो, मंग गाडी उचलजो. बहुतेक कारचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असते. म्हणून मागचं चाक उचलताना समोरच्या तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाले दोन्हीकडून दगड लावजो. चिखलदऱ्याच्या घाटात उतारावर जॅक लावू नको, सपाट जागा येऊ दे.

अन् जॅकसोबत दोन लोखंडी घोड्या घेजो. जॅकनं उचलायचं, भार घोडीवर ठेवायचा. पैसे कमी पडले तर जॅक पुढच्या महिन्यात घे, पण घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नको, अन् गॅरेजातल्या पोट्ट्यायलेही जाऊ देऊ नको.