शेतकामाला टिकणारी ताकद : बाजरी, डाळ आणि हिरवी मिरची

सिल्लोड तालुक्यात खरिपाचे बहुतेक क्षेत्र आज कापूस, मका आणि मिरची या पिकांखाली असते. ही पिके नगदी पैसा देतात. मात्र त्यांनी शिवारातून बाजरी, मटकी, हुलगा मागे सारला आणि त्याबरोबर घरच्या ताटातूनही ही धान्ये कमी झाली. निंदणी, मिरची तोडणी, कापूस वेचणी ही कामे मुख्यतः महिला करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. दुपारीच हातपाय गळणे, चढावर धाप लागणे, चक्कर येणे ही लक्षणे अनेकदा ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून दिली जातात. म्हणून अन्नापासून ताकद कशी तयार होते हे शेतकरी बंधू-भगिनींनी समजून घेणे आवश्यक आहे.

अन्नापासून ताकद कशी मिळते ?

भाकरीतील पिष्टमय पदार्थांचे पचनानंतर साखरेत रूपांतर होते. ही साखर रक्तावाटे प्रत्येक पेशीत पोहोचते व तेथे प्राणवायूच्या मदतीने तिचे ज्वलन होऊन ऊर्जा मिळते. या सर्व क्रियेला चयापचय म्हणतात. साखर हे सरपण मानले, तर ते नीट जळण्यास पुढील घटक लागतात.

१) लोह : रक्तातून प्राणवायू वाहून नेते. ते कमी पडल्यास पोट भरलेले असूनही थकवा येतो.
२) ब गटातील जीवनसत्त्वे : साखरेचे ऊर्जेत रूपांतर करणाऱ्या विकरांना मदत करतात. ब-१ धान्याच्या कोंड्यात व अंकुरात जास्त असते.
३) मॅग्नेशियम : पेशीत तयार झालेली ऊर्जा वापरण्यास आवश्यक.
४) प्रथिने : स्नायूंची झीज भरून काढतात.
५) आयोडीन : चयापचयाचा वेग राखणाऱ्या कंठग्रंथीस आवश्यक.

सकाळी केवळ चहा-खारी किंवा चहा-बिस्किटांवर शेत गाठल्यास मैदा व साखर लवकर पचून रक्तातील साखर झपाट्याने वाढते, तशीच लवकर उतरते आणि पुन्हा भूक लागते. भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे असल्यास पचन सावकाश होते व ताकद दीर्घकाळ टिकते.

बाजरीचे महत्त्व

१०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व ६.४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच मक्यात लोह सुमारे २.५ मिलिग्रॅम, तर पॉलिश केलेल्या तांदळात १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. प्रौढ स्त्रीला रोज २९ व पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी २०२० ची राष्ट्रीय शिफारस आहे.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पाने लोहयुक्त संकरित बाजरीचे वाण दिले आहेत. एएचबी-१२०० मध्ये किलोमागे ७३ मिलिग्रॅम आणि एएचबी-१२६९ मध्ये ९१ मिलिग्रॅम लोह व ४३ मिलिग्रॅम जस्त आहे. दोन्ही सुमारे ८० दिवसांत तयार होतात आणि हेक्टरी ३१ ते ३२ क्विंटल उत्पादन क्षमतेचे आहेत. एएचबी-१२६९ च्या ३०० ग्रॅम पिठातून सुमारे २७ मिलिग्रॅम लोह मिळते.

अशा भाकरीचा उपयोग होतो का, हे प्रत्यक्ष तपासले गेले आहे. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांना लोहयुक्त ‘धनशक्ती’ गटातील बाजरीची भाकरी देण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी ही भाकरी खाणाऱ्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साधी बाजरी खाणाऱ्यांच्या १.६४ पट होती.

लोह अंगी कसे लागेल ?

धान्यातील लोहाचा थोडाच भाग शरीरात शोषला जातो. चहातील टॅनिन हे शोषण आणखी कमी करते. म्हणून जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा टाळावा. याउलट ‘क’ जीवनसत्त्व शोषण वाढवते. सिल्लोडकरांना ते विकत आणण्याची गरज नाही, कारण ताजी हिरवी मिरची त्याने समृद्ध आहे. हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० च्या दशकात हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे केले ते मिरचीपासूनच. १९३७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची वाळवताना व भाजताना हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. म्हणून ठेचा ताजा करावा व वरून लिंबू पिळावे. तिखट सोसत नसेल त्यांनी लिंबू, आवळा किंवा पेरू घ्यावा.

बाजरीचे पीठ चाळून कोंडा टाकू नये. ते लवकर कडू होते, म्हणून आठ दिवसांपुरतेच दळावे. मटकी, हुलग्याला मोड आणल्याने लोह अधिक उपलब्ध होते. बांधावरची घोळ, तांदुळजा या भाज्या आठवड्यातून दोन-तीनदा खाव्यात, पण तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या शेतातील घेऊ नयेत. बाजरी नेहमी खाणाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

घरापुरती २० गुंठे बाजरी

पाच माणसांच्या कुटुंबाला दर माणशी रोज ३०० ग्रॅमप्रमाणे चार महिन्यांसाठी १८० किलो बाजरी लागते. वरील क्षमतेच्या निम्मेच उत्पादन आले तरी २० गुंठ्यांतून सुमारे तीन क्विंटल धान्य मिळते. शिवाय जनावरांना सरमाड होते. पेरणी पावसाची ओल झाल्यावर जुलैच्या मध्यापर्यंत, दोन ओळींत ४५ सें.मी. अंतर ठेवून करावी. हेक्टरी ३ ते ४ किलो बियाणे पुरते. संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी नवीन घ्यावे. मध्ये तुरीच्या ओळी घेतल्यास घरची डाळही होते.

भाकरी हे औषध नव्हे. सतत थकवा, धाप किंवा चक्कर असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. गर्भवतींनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत. मका-मिरचीचे क्षेत्र ठरवताना घरच्या बाजरीचे २० गुंठे आधी बाजूला काढावेत.