भूल उतरताना

पोरीच्या दातांचं उद्या भूल देऊन करायचं ठरलंय ना, मग थोडं आत्ताच ऐकून ठेव. माझी सगळी नोकरी रिकव्हरीत, भुलीतून उठणाऱ्या लेकरांपाशी झाली.

भुलीआधी सहा तास अन्न नाही आणि वरचं दूधही नाही. साधं पाणी बहुतेक दोन तास आधीपर्यंत चालतं, तरी नेमकी वेळ भुलीच्या डॉक्टरांना विचार. उपाशी लेकराची दया येऊन गुपचूप बिस्कीट भरवणारी माणसं प्रत्येक घरात असतात. पोटातलं अन्न भुलीत उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, हे सासूबाईंनाही नीट समजावून सांग.

खरा धीर लागतो तो नंतर. डोळे उघडतील, पण नजर तुझ्यावर ठरणार नाही. पाय झाडेल, सलाईन ओढेल, आई आई म्हणून ओरडेल आणि जवळ घेतलंस तर तुलाच ढकलेल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हे फार दिसतं. आया हादरतात, 'हिला काय केलं?' म्हणून डॉक्टरांवर धावून जातात. अगं, ती अजून पुरती जागी झालेली नसते. दहा-पंधरा मिनिटांत, कधी अर्ध्या तासात निवळतं आणि पुढे तिला त्यातलं बहुतेक आठवतही नाही. तोवर तिला हलवू नकोस, प्रश्न विचारू नकोस, मोबाइल समोर धरू नकोस. सलाईनचा हात सांभाळ आणि हळू आवाजात नेहमीच्या लाडाच्या नावाने बोलत राहा. रडणं थांबेचना तर सिस्टरला हाक मार. दुखत असेल तर औषध देता येतं. गिळलेल्या रक्ताने एखादी तपकिरी उलटी होते, तिला घाबरू नकोस.

स्कूटरवरून आणायचं नाही. गाडीत मागे तिच्या शेजारी बस, मान छातीवर पडू देऊ नकोस. घरी झोपली तर कुशीवर झोपव.

हिरडीत सुई दिली असेल तर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो. पोरं तो चावत बसतात, दुखत नाही ना! दुसऱ्या दिवशी ओठ टम्म सुजतो, वर पांढरट पापुद्रा येतो आणि घरात 'पू झाला' म्हणून गोंधळ उडतो. बहुतेक वेळा ती चावल्याची जखम असते, आठवडाभरात भरते. तेवढे दोन-तीन तास तिच्या तोंडाकडे लक्ष ठेव.

आधी घोटघोट पाणी, मग कोमट पेज, मऊ वरणभात. दात काढला असेल तर स्ट्रॉ नको, जोरात चुळा नकोत, खड्ड्यात हळद-लवंग काही भरू नकोस. लाळ दुसऱ्या दिवसापर्यंत गुलाबी दिसू शकते. दुखण्याचं औषध वजनावरून लिहून दिलेलं तेवढंच द्यायचं.

पण उलट्या थांबत नसतील, कापडाचा बोळा वीस मिनिटं दाबून धरूनही रक्त वाहत असेल किंवा ताप चढत असेल, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन कर. श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा हाक मारून, हलवूनही ती जागी होत नसेल, तर फोनवर वेळ घालवू नकोस. १०८ ला बोलाव किंवा सरळ हॉस्पिटल गाठ.