केस का गळतात?

भातकुली तालुका खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, साबणाला फेस येत नाही. आणि केस गळू लागले की दोषही पाण्यालाच दिला जातो. अशा पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे खरे. पण तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. फणीतला केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला पांढरट बारीक गाठ दिसली तर तो मुळातून आलेला. नसेल तर मध्येच तुटलेला.

आता थोडे गणित करू. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो तसाच अडकून राहतो आणि गळतो. त्याच जागी नवा केस उगवतो. एका केसाचे आयुष्य सरासरी तीन वर्षे, म्हणजे साधारण एक हजार दिवस धरले, तर रोज लाख भागिले हजार, म्हणजे शंभर केस गळणारच. डॉक्टरही रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक मानतात. टाकीत जितके पाणी येते तितकेच बाहेर गेले तर पातळी स्थिर राहते, तसेच हे आहे. म्हणून केस विरळ झाले की दोन प्रश्न विचारावेत: जाणे वाढले, की येणे घटले?

पुरुषांच्या नेहमीच्या टकलात येणे घटते. आनुवंशिकतेमुळे काहींच्या केशमुळांवर पुरुषी संप्रेरकाचा परिणाम जास्त होतो; दर खेपेला उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड होत जातो. कपाळाच्या दोन्ही बाजू आणि टाळू उघडी पडते. स्त्रियांत बहुधा समोरची रेषा तशीच राहते, पण भांग रुंदावतो.

जाणे वाढते ते बहुधा शरीराला बसलेल्या धक्क्याने. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार झाली की पुष्कळ केस एकदम वाढ थांबवतात. मात्र गळतात ते दोन-तीन महिन्यांनी. ऑक्टोबरातल्या तापाचे केस जानेवारीत फणीत येतात आणि बिचारे शिकेकाईचे नाव बदनाम होते. हे गळणे बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते, तेव्हा श्रेय जाहिरातीतले तेल घेते! रक्तातील लोहाची कमतरता (आपल्याकडे मुलींत ती फारच आढळते) आणि थायरॉइडचे विकार मात्र रक्त तपासूनच कळतात. नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले तर ती चाई; त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच केशमुळांवर उलटते. रोज घट्ट ओढून वेणी घातल्यानेही कपाळाच्या कडेचे केस जातात.

आता आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याकडे पाहू. डिसेंबर २०२४ अखेर ते जानेवारी २०२५ या काळात बोंडगाव, कालवड आदी गावांत लहानथोर, स्त्रीपुरुष, साऱ्यांचेच केस गळू लागले. आधी डोके खाजे, मग केस हाती येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. सुमारे १८ गावांत अडीचशेहून अधिक लोकांना हे झाले. मुली कॉलेजात जाईनात, ठरू पाहणारी लग्ने अडली. संशय अर्थातच पाण्यावर आला, बुरशीचाही आला. पण वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. आनुवंशिक टक्कल गावोगाव एका आठवड्यात पडत नाही. तापानंतरच्या गळतीत इतक्या झटपट टक्कल पडत नाही. वाढता केसच मुळाशी कमजोर व्हावा, असे काही तरी शरीरात गेले असले पाहिजे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरील उपचारांमुळे आपल्याला परिचित असलेले, यांनीही स्वतंत्र शोध घेतला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत त्यांना सेलेनियम बेसुमार वाढलेले आणि जस्त घटलेले आढळले. त्यांनी बोट ठेवले ते रेशनच्या गव्हावर. त्यांच्या तपासणीत एका किलो गव्हात १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. आपल्याला दिवसाला सुमारे ५० मायक्रोग्रॅम पुरते. ४०० ही प्रौढांची वरची मर्यादा. असल्या गव्हाच्या २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाल्ल्या तर पोटात सुमारे २,९०० मायक्रोग्रॅम जाईल, म्हणजे मर्यादेच्या सातपट.

आवर्त सारणीत सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली आहे. त्यामुळे गुणधर्म जुळतात आणि केराटिन या केसांच्या प्रथिनात गंधकाची जागा ते बळकावू शकते. केसाची मजबुती गंधकाच्या बंधांवर उभी असते. तेच ढिले पडतात. चीनमधील एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी सेलेनियमयुक्त अन्नामुळे लोकांचे केस आणि नखे गळाली होती. नखेही केराटिनचीच, पण बोटाचे नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे मुळाशी झालेली इजा टोकाकडे दिसायला महिने लागतात. एप्रिल २०२५ मध्ये शेगावकडच्या त्याच गावांतून बातमी आली: लोकांची नखे तडकून गळत होती.