निळ्या रेषेवरच्या पोरीला आत्याचे कानमंत्र

बयो,

तुझ्या बाबाचा फोन आला होता. कोच तुला पहिल्या पॉवर प्लेच्या पाचजणींत घ्यायचं म्हणतेय, आणि ते ऐकल्यापासून तू गॅरेजमध्ये धाडधाड स्लॅप शॉट मारत सुटली आहेस म्हणे. दाराची दया येते गं मला. शॉटमध्ये जोर येऊ दे, वाईट काहीच नाही त्यात. पण त्या जागेवर जोर सगळ्यात शेवटी लागतो. आधी लागतात डोळे, मग पाय, आणि त्याआधी थोडी सबुरी.

हे पुण्याला आजीही वाचणार आहे, म्हणून तिच्यासाठी चार ओळी. आई, आइस हॉकीत समोरच्या संघातल्या एखादीने आगळीक केली की तिला दोन मिनिटं बाहेर बसवतात. तेवढा वेळ आपल्या पाच आणि त्यांच्या चार, याला पॉवर प्ले म्हणायचं. आपली पोर त्या पाचांत सगळ्यात मागे, निळ्या रेषेवर मधोमध उभी राहणार; त्या जागेला पॉइंट म्हणतात. बाकी चौघी फॉरवर्ड. पक, म्हणजे खेळायची चकती, तिच्या हातून इकडून तिकडे फिरतो, आणि तिच्या हातून सुटला तर तिच्या पाठीमागे आपली गोली सोडून कुणीही नाही. कोचने तिच्यावर केवढा भरवसा टाकलाय ते यावरून ओळख.

आता तुझ्यासाठी.

१. पास तुझ्याकडे निघाला की पकवरची नजर क्षणभर उचल आणि समोरचं सगळं बघून घे — पक येतोय कुठून ते तुला कळलेलं आहे, जायचाय कुठे ते अजून ठरायचंय. तवा तापल्यावर कुणी कणीक मळायला बसत नाही.

२. डावीकडची एक आणि उजवीकडची एक, अशा दोन वाटा आधीच मनात धरून ठेव — तुझ्या अंगावर येणारी पोर एका वेळी एकच वाट बंद करू शकते. शॉट ही तिसरी वाट, आणि ती उघडते तेव्हा आपणहून दिसते.

३. पाय हलते ठेव, अगदी वीतभर का होईना. पाय थांबला, पास कापला — तू खांबासारखी उभी राहिलीस की समोरचीला नेमकं कुठे उभं राहायचं ते आयतं कळतं.

४. रेषेवरून आडवी सरकताना छाती गोलकडे ठेव आणि पक शॉट मारता येईल अशा बाजूला धर — मग तू मारणार की देणार हे तुझ्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही.

यासाठी माँट्रियलच्या लेन हटसनचे सामने बघ. बघ म्हणजे रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघ. २०२२च्या ड्राफ्टमध्ये तो बासष्टावा निवडला गेला, कारण उंची कमी. २०२४-२५ हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम. त्यात त्याने ६ गोल केले आणि ६० गोलांना हात लावला. एनएचएलमध्ये नवोदित (रूकी) म्हणून खेळताना डिफेन्सच्या कुठल्याही खेळाडूने याहून जास्त असिस्ट कधी केलेले नाहीत. लॅरी मर्फीने १९८०-८१मध्ये तेवढेच केले होते. हटसनला त्या वर्षीची, सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी मिळाली. ६ आणि ६० हे आकडे शेजारी शेजारी मांडून बघ, म्हणजे गॅरेजच्या दारावर इतका राग का नको ते कळेल. त्याचे खांदे एकीकडे झुकतात, समोरच्याचा गुडघा त्या बाजूला वळतो, आणि हा दुसऱ्या बाजूने निघून गेलेला असतो. समोरच्याचा गुडघा वळतो तो क्षण शोधायला शीक. त्याच क्षणी वाट उघडते.

५. जाळीपर्यंत पोचणारा साधा रिस्ट शॉट हा वाटेत अडणाऱ्या तोफेपेक्षा चांगला — एनएचएलच्या रिंकमध्ये निळ्या रेषेपासून गोलरेषेपर्यंत ६४ फूट अंतर असतं, आणि तेवढ्यात नडग्या, स्टिका आणि पॅड यांची गर्दी असते. डेट्रॉइटच्या निकलस लिडस्ट्रॉमने डिफेन्सच्या सर्वोत्तम खेळाडूची नॉरिस ट्रॉफी सात वेळा जिंकली. त्याचे शॉट गर्दीतून वाट काढत गोलपर्यंत जायचे, ही त्याची खरी ओळख.

६. शॉट गुडघ्याखाली ठेव — गोलीसमोर उभी असलेली आपली पोर त्याला स्टिक लावून दिशा बदलू शकते. वर मारलास तर तो तिच्याच हेल्मेटवर जायचा, आणि मग ती तिथे उभी राहायला कचरेल.

७. समोरची अडवायला बसली की त्याच जागेवरून मारू नकोस. एक पाऊल सरक आणि मग मार, नाहीतर सरळ पास दे — तिच्या नडगीला लागलेला पक उसळून तुझ्याच पाठीमागे जातो, आणि ती उठून त्याच्या मागे पळत सुटलेली असते.

८. जोराचा शॉट गोल चुकवून गेला तर बोर्डवरून फिरत थेट झोनबाहेर पडू शकतो. घाई बोर्डवर आपटते, सबुरी जाळीत जाते — म्हणून नेम कोपऱ्यात नको, लांबच्या पॅडवर धर. गोल नाही झाला तरी रिबाउंड आपल्या पोरींसमोर पडेल.

९. ती निळी पट्टी फूटभर रुंद असते. झोनमध्ये आलेला पक तिच्यावर असेपर्यंत आतच धरतात. पूर्ण ओलांडला की मगच बाहेर — पक पट्टीच्या कडेला आला म्हणून घाबरून ढकलून देऊ नकोस. तेवढी फूटभर जागा तुझ्या हक्काची आहे, ती वापर.

१०. बोर्डवरून फिरत आलेला पक अडवताना नुसती स्टिक पुढे करू नकोस, स्टिकच्या मागे स्केट लाव — पीरियड संपत आला की बर्फ खरबरीत होतो आणि पक पात्यावरून उडी मारून जातो. हे एवढंसं शिकायला पाच मिनिटं पुरतात. विसरलं तर पूर्ण संघाला मागे पळावं लागतं.

११. त्या पकसाठी पुढे घुसण्याआधी एकच गोष्ट बघ: तुझ्या बाजूची फॉरवर्ड मागे सरकतेय का? सरकत असेल तर जा, नसेल तर रेष सोडून मागे ये — पक एकदा बाहेर गेलेला परत आणता येतो, पण पाठीमागून सुटलेली पोर परत आणता येत नाही.

१२. पक गेलाच तर झेप मारू नकोस. वळ, पाय मार, आणि तिला बोर्डच्या बाजूला ढकलत ने — बाजूने मारलेला शॉट गोलीला सोपा जातो. तू बर्फावर आडवी पडलीस तर ती मधून एकटीच निघाली म्हणून समज.

हे सगळं सांगताना मी रेषेपाशी इतकी घुटमळतेय, त्याला कारण आहे. १ जानेवारी २०२४ला बायकांच्या व्यावसायिक लीगचा, पीडब्ल्यूएचएलचा, पहिला सामना झाला, आणि त्या लीगने एक नियम आणला. चार जणींच्या संघाने गोल केला की त्यांची शिक्षा तिथेच संपते आणि बाहेर बसलेली खेळाडू परत येते. म्हणजे पॉइंटवरच्या एका चुकीने गोलही बसतो आणि पॉवर प्लेही जातो. तुझ्या लीगमध्ये हा नियम नाही. पण तुझ्या खोलीत पीडब्ल्यूएचएलची पोस्टरं लावली आहेत ना? मग सवय त्या नियमाची लाव.

१३. शिक्षेची शेवटची दहा सेकंदं उरली की एकदा घड्याळाकडे बघ आणि दोन पावलं मागे सरक — बाहेर बसलेली पोर रिंकच्या मध्यावरून आत येते, म्हणजे बरोबर तुझ्या पाठीमागे. तिथे तिला लांब पास मिळाला तर तिला अडवायला कुणीही नसतं. बेंचवरच्या एखादीला “दहा!” असं ओरडायला आधीच सांगून ठेव.

१४. झोनमध्ये शिरताना पक आधी, पोरी मागून — तू पक घेऊन येताना पुढच्या दोघी रेषेपाशी थबकल्या नाहीत तर ऑफसाइड, आणि जमवलेलं सगळं पुन्हा फेसऑफपासून. म्हणून आपला वेग त्यांना बघून ठरव, उगाच भरधाव सुटू नकोस.

१५. त्यांनी पक पार टोकाला मारून दिला तर मान खाली घालू नकोस, लगेच वळ — चार जणी असताना त्यांना आइसिंग लागत नाही, त्यामुळे ते असं करणारच. पक आणून पुन्हा मांडायला पंधरा-वीस सेकंदं जातात, त्यातली पाच कुरकुरण्यात घालवू नकोस.

१६. पाय जड झाले की बाहेर ये, दोन्ही मिनिटं स्वतःकडे ठेवू नकोस — दुसऱ्या पाचजणीही ताज्या पायांनी खेळायला बसलेल्या असतात, आणि दमलेल्या पायांचा पास नेहमी आखूड पडतो.

१७. स्केटची धार सामन्याच्या दिवशी वेगळी करून घेऊ नकोस, आणि सुटी स्टिक पहिल्या स्टिकसारखीच टेप लावून बेंचवर ठेव — पॉइंटवर स्टिक मोडली की तुला बेंचपर्यंत जाऊन येईतो आपलीच एक कमी. नव्या पात्याशी ओळख करून घ्यायला तेव्हा वेळ नसतो.

१८. गॅरेजमध्ये शंभर शॉट मारण्यापेक्षा भिंतीवर पास मार आणि परत घे, मान वर ठेवून. बाबाला समोर उभं कर आणि बोटं दाखवायला सांग. पक स्टिकला लागायच्या आत किती बोटं ते तू सांगायचं — हातांना सराव आहेच, डोळ्यांना करायचाय. तुझ्या बाबालाही त्यानिमित्ताने सोफ्यावरून उठू दे.

१९. पॉवर प्लेत घेतलं म्हणून आपल्या गोलीसमोरचं काम हलकं धरू नकोस — कोच तुला पाच-पाच असताना बाकावर बसवायला लागली तर पॉवर प्लेपर्यंत तुझे पाय थंड पडतील. आधी राखण, मग मागणं.

२०. अभ्यासाचं मी एकदाच बोलते. क्लेअर थॉम्पसनने २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये डिफेन्सला खेळून १३ पॉइंट (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले, महिलांच्या हॉकीत एका ऑलिंपिकमध्ये डिफेन्सच्या खेळाडूने तेवढे कधीच मिळवले नव्हते. कॅनडाला सुवर्ण मिळालं, आणि हीच मुलगी वैद्यकीय शिक्षणालाही गेली — दोन्ही जमतं, वेळ ठरवून ठेवली तर.

२१. पॉवर प्लेत घाई सुटली की माँट्रियलचा डग हार्वी आठव, तो तुझ्याच जागी उभा असायचा. १९५५-५६मध्ये त्या संघाचा पॉवर प्ले इतका भारी होता की ५ नोव्हेंबर १९५५ला जाँ बेलिव्होने बॉस्टनविरुद्ध एकाच पॉवर प्लेत ४४ सेकंदांत तीन गोल केले. तेव्हा शिक्षा झालेला खेळाडू पूर्ण दोन मिनिटं बाहेर बसायचा, कितीही गोल बसले तरी. पुढच्या हंगामापासून लीगने नियम बदलला: एक गोल झाला की शिक्षा संपली. गोलांवर नावं बेलिव्हो आणि मंडळींची, पण खेळाचा वेग मागून हार्वी ठरवायचा — सामना आपल्याला हवा तेव्हा संथ आणि हवा तेव्हा वेगवान करता येणं, पॉइंटवरच्या माणसाला हेच यायला हवं.

२२. गोल झाला की पॉइंट कुणाच्या नावावर लागला ते बघायला फलकाकडे वळू नकोस, गोलीसमोर मार खात उभी होती तिच्याकडे आधी जा — तिच्या उभं राहण्यामुळे गोलीला तुझा शॉट दिसला नव्हता.

२३. तुझ्या पासवर त्यांनी गोल केला तर बेंचवर येऊन “माझा पास होता” एवढं कोचला सांग, पाणी पी, आणि पुढच्या शिफ्टची तयारी कर — कारणं सांगत बसलीस तर पुढच्या वेळी पक हातात आल्यावर हात थरथरतो. कोचने सामन्यानंतर व्हिडिओ दाखवला तर मात्र शेवटपर्यंत बघ, नजर चोरू नकोस.

२४. आणि एक जे कोच सांगणार नाही. जिची जागा तुला मिळतेय तिच्याशी यादी लागण्याआधी बोल — ती तिथे उभी राहिली आहे, कोणत्या संघाची कोण लवकर अंगावर येते हे तिला माहीत आहे. तिला वाईट वाटणारच, वाटू दे. तू तिला विचारलंस तर ती सांगेल, कारण मुलगी चांगली आहे. तिच्या आईबरोबर मी रिंकवर कितीदा कॉफी प्यायलेय.

२५. कोचने विचारलं की “बघते” म्हणू नकोस, “हो” म्हण. मग त्याच सरावाला चौघींना एकेक करून विचार, पक कुठे हवा — डावरीला वन-टायमर मारायचा असेल तर पास एका जागी लागतो, उजवीला दुसऱ्या. त्यांच्या स्टिकच्या पात्यासमोर नेमका, बर्फाला चिकटून जाणारा पास देता येतो का ते तिथेच करून बघ. दहातले आठ लागले तर तू तयार आहेस. नाही लागले तर गुरुवारच्या सरावाला अर्धा तास आधी जा, आणि मला फोन कर, मी तुझ्यासमोर उभी राहीन पास घ्यायला.